पाणी उतरल्यावर खोरं आधी कुणाच्या दारात न्यायचं?

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात जुलै-ऑगस्टमध्ये, पुराच्या दिवसांत, माणसं भेटली की आधी ‘किती फूट झालं?’ असं विचारतात, खुशाली मागाहून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्याही वर. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर होती. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण आकडा उतरायला लागल्यावर कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे कुणी पाठ केलेलं नसतं.

हे लिहितोय ते पुरानंतरच्या साफसफाईच्या कामाला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी. म्हणजे गावातली मंडळाची पोरं, माहेरचं घर बुडालं म्हणून धावत आलेल्या लेकी-जावई, पुण्याहून चार दिवसांची रजा टाकून आलेले पाव्हणे. अंगात जोर सगळ्यांच्या असतो, फसतो तो क्रम. २००५ ला मी पहिल्यांदा खोरं हातात घेतलं आणि शेजारच्या काकींच्या सोप्यातला सगळा गाळ दुपारपर्यंत रस्त्यावर आणून टाकला. संध्याकाळी एक सर आली. तो गाळ गटारात बसला, गटार तुंबलं आणि गल्लीचं पाणी पलीकडच्या घरात शिरलं. त्या घरातल्या तात्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, नुसतं बघत राहिले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. सगळे पूर सारखे नसतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली तेव्हा पाणी बघता बघता चढलं, लवकर उतरलं आणि मागे चिखलाचे थर ठेवून गेलं. आमच्याकडे नदी सावकाश चढते आणि सावकाश उतरते, घरं आठ-आठ दिवस पाण्यात उभी असतात. तिथे गाळ जास्त, इथे भिजलेल्या भिंती आणि कुजलेला ऊस जास्त. पुढचं सगळं आमच्या बाजूच्या अनुभवाचं आहे. कोकणात जाणार असाल तर गाळाचं काम दुप्पट धरा.

पहिला फेरा, खोरं न घेता

पाणी उतरलं की लगेच कुणाच्या घरात घुसू नका. आधी गल्लीतून नुसतं चालत जा. सोबत एक गवंडी आणि एक वायरमन असेल तर सोन्याहून पिवळं.

गवंड्याने भिंती बघायच्या. जुन्या मातीच्या भिंती पाणी असताना कमी पडतात आणि उतरल्यावर जास्त. पाणी असतं तोवर दोन्ही बाजूंनी त्याचाच आधार असतो. ते गेलं की आत भिजून लोणी झालेली भिंत स्वतःच्या वजनाने खाली बसते, आणि वरून कडक ऊन पडलं की तडकते. त्यामुळे पहिले चार-पाच दिवस धोक्याचे. भिंतीला पोट सुटलंय का, जोत्याखालची माती वाहून गेलीय का, तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय का, एवढं बाहेरूनच दिसतं. यातलं एकही दिसलं तर त्या घरात कुणी जायचं नाही. घरातली माणसं ‘फक्त देवाचे टाक घेऊन येतो’ म्हणतील. त्यांनाही अडवायचं आणि गवंड्याने टेकू दिल्यावरच सोडायचं. मातीच्या भिंतीवर पाईपने पाणी मारू नका. २०१९ ला आम्ही एका घरात ‘जरा स्वच्छ करू’ म्हणून भिंत धुतली आणि रात्री ती बसली. आत कुणी झोपलं नव्हतं म्हणून निभावलं.

वायरमनने वीज बघायची. खांबावरून पुरवठा बंद आहे म्हणून घरात करंट नाही असं समजू नका. कुणाच्या घरी इन्व्हर्टर असतो, कुणाच्या छपरावर सोलर. बोर्डात पाणी गेलेलं असतं. ओल्या जमिनीवर उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, शेतातल्या मोटारीच्या पेटीला तर नाहीच. महावितरणकडून पुरवठा सुरू झाला तरी घरातलं वायरिंग, बोर्ड आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय मेन चढवायचा नाही. फ्रिज आणि मिक्सर वरून कोरडे दिसले तरी आतली मोटार ओली असते. बुडालेली मोटारसायकल किंवा चारचाकी तर किक-स्टार्टर मारून बघायचीच नाही. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं तर आतले भाग वाकतात आणि विमावाले नेमकं त्याच्याकडेच बोट दाखवतात. गाडी ढकलत गॅरेजला न्या. सिलिंडर वाहून दुसऱ्याच्या दारात आलेला असतो, तो नळीला जोडण्याआधी एजन्सीकडून तपासून घ्या.

साप असणारच. पुराचं पाणी नाग, घोणस, मण्यार सगळ्यांनाच घरातल्या उंच जागी आणून बसवतं, म्हणजे माळ्यावर, गंजीत, कपाटामागे, लाकडांच्या ढिगात. हात घालण्याआधी काठी घाला. चावला तर फडकं आवळून बांधत बसू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

वही

याच फेऱ्यात एका माणसाच्या हातात वही द्या. प्रत्येक घराला एक पान. घरात माणसं किती, म्हातारं कोण, गरोदर कोण, साखरेची-बीपीची गोळी कुणाची बुडाली, जनावरं किती होती आणि किती राहिली, कुठल्या खोलीत किती गाळ, पुरुषमाणूस घरात आहे का बाहेरगावी. आणि एक रकाना सगळ्यात महत्त्वाचा, ‘चुली किती’. एका उंबऱ्याच्या आत तीन भावांच्या तीन चुली असतात आणि मदत येते ती रेशनकार्डावर. वेगळी चूल असूनही ज्याचं कार्ड वेगळं नाही, जो भाड्याने राहतो, जी नवऱ्यामागे दिराच्या घरात एका खोलीत राहते, ही माणसं यादीतून हमखास सुटतात. वीटभट्टीवर आलेली कुटुंबं तर कुणाच्याच यादीत नसतात.

खोरं आधी कुणाच्या दारात न्यायचं हे ही वही सांगते. ज्या घरात तीन तरणे हात आहेत त्यांचं घर उद्या झालं तरी चालतं. एकट्या म्हातारीचं, दवाखान्यातून तान्हं मूल आणलेल्या बाळंतिणीचं, पाय मोडलेल्याचं घर आज. गावकीत यावरून कुरबुर होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणतो आधी तालमीचा कट्टा धुवू. धुऊ दे त्याला. तुम्ही वही घेऊन निघा.

गटार, मग फोटो, मग गाळ

पहिलं खोरं घरात नाही, गल्लीच्या गटारात मारायचं. सगळ्यात खालच्या टोकापासून वर मोकळं करत यायचं. गाळ टाकायची एक जागा ठरवा, जिथे ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेता येईल. विहिरीजवळ नको, ट्रान्सफॉर्मरखाली नको, शाळेच्या दारात नको. ट्रॉली आणि जेसीबी कुणाचे येणार हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, सकाळी सगळ्यांना ते एकाच वेळी हवे असतात.

घराच्या दारात गेल्यावर घरातल्या बाईला विचारा, ‘आक्का, फोटो काढले का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं, कारण मोबाईल चार्ज नसतो. मग तुमच्या मोबाईलवर काढा. दारातून पूर्ण घर, मग एकेक खोली, भिंतीवर पाण्याची खूण जिथवर आलीय तिथे एक माणूस उभा करून, मग वस्तू. धान्याची पोती उघडून, फ्रिज उघडून, गादी उलटून. लगेच त्यांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर तुम्ही पुण्याला परत जाता आणि फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतात. फोटो झाल्याशिवाय एकही वस्तू हलवायची नाही, आणि विचारल्याशिवाय एकही टाकायची नाही. तुम्हाला फुगलेली, वास मारणारी लाकडी पेटी दिसते. त्यांना ती कुणी, कुठल्या लग्नात दिली हे माहीत असतं. ती टाकायची की नाही हे त्यांना दोन दिवस ठरवू द्या. अंगणात कडेला ठेवा.

आता गाळ. तो ओला आहे तोवर काढायचा. एकदा वाळून फरशीला चिकटला की पहारीने खरवडावा लागतो आणि फरशी फुटते. आतल्या खोलीपासून दाराकडे, वरून खाली. आधी खोऱ्याने आणि घमेल्याने जाड थर, मग वायपरने पातळ राड, मग पाणी. माणसांची साखळी करा आणि घमेली हातोहात बाहेर जाऊ द्या. एकटा माणूस घमेलं घेऊन फेऱ्या मारत राहिला तर दुपारी कंबर धरून बसतो.

धुवायला आमच्याकडे एक फार चांगलं हत्यार आहे, फवारणीचा एचटीपी पंप. प्रत्येक गावात दहा-वीस तरी असतातच, आणि द्राक्षबागांच्या पट्ट्यातून तर ट्रॅक्टरवरचे मोठे ब्लोअर मदतीला येतात. पक्क्या भिंती, फरशी, शाळेचे बाक, सगळं तासाभरात निघतं. पण त्या टाकीत महिनाभरापूर्वी कीटकनाशक होतं हे विसरू नका. टाकी आणि नळी दोन-तीनदा धुऊन मगच आणा, आणि त्या पाण्याने भांडी, पिण्याचं पिंप किंवा देवघर धुवायचं नाही.

फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग, टॉयलेट क्लीनर अशा बाटल्या मदतीत ढिगाने येतात. त्या एकमेकींत मिसळू नका. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत माणूस गुदमरतो. एका दिवशी एकच वापरा.

गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. गाळात काचा, खिळे, पत्रे असतात. पायाला जखम असेल तर त्या दिवशी वही सांभाळा, गाळात उतरू नका. खिळा-पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. उंदीर-जनावरांच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार जखमेतून शिरतो. आरोग्यसेविका किंवा डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, ती त्यांना विचारूनच घ्या. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती परस्पर वाटू नका. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरला ‘मी पुराच्या पाण्यात काम केलंय’ हे वाक्य आधी सांगा.

पाणी

बुडालेली विहीर साफ दिसली तरी तिचं पाणी पिऊ नका, तिच्यात सगळ्या गावाचे संडास-गोठे मिसळलेले असतात. बांधकाम शाबूत असेल तर आधी उपसून घ्या आणि नवं पाणी आल्यावर टीसीएल टाका. टीसीएल म्हणजे ग्रामपंचायतीतली ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरीचं नेहमीचं माप १००० लिटरला अडीच ग्रॅम, पुरानंतर दुप्पट धरा. विहिरीतलं पाणी असं मोजायचं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागायचं, मग १००० ने गुणायचं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे दुप्पट मापाने १४० ग्रॅम पावडर. अनेक गावांत अख्खी पाटी वरून ओततात, मग दोन दिवस पाणी तोंडात धरवत नाही आणि माणसं परत नदीचं आणतात.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तळाला चुना बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा, दोराने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. चुना बाहेर टाका. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पावडरीचं पोतं आधीपासून उघडं असेल तर तिचा दम गेलेला असतो, टेस्टमध्ये ते लगेच कळतं. पहिले काही दिवस घराघरात पिण्याचं पाणी उकळूनच, किंवा मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या द्रावणाची) बाटली मिळाली तर तिच्यावर लिहिल्याप्रमाणे.

धान्य आणि जनावरं

सगळ्यात अवघड काम हे. वर्षाची ज्वारी-तांदूळ भिजून फुगलेली असते आणि म्हातारी माणसं म्हणतात, ‘वाळवू, कोंबड्यांना तरी होईल.’ पुराच्या पाण्यात बुडालेलं धान्य वाळवून खायचं नाही. बुरशी आलेलं जनावरांनाही घालायचं नाही. हे सांगताना आवाज चढवू नका. त्यांच्याच हाताने पोतं ट्रॉलीत जाऊ द्या, आणि त्याआधी किती पोती होती ते वहीत लिहा. घट्ट झाकणाच्या डब्यातलं, पाणी न शिरलेलं तेवढं ठेवा, डबा बाहेरून धुऊन.

मेलेलं जनावर बघून पहिली इच्छा होते ती पुरून मोकळं व्हायची. थांबा. पशुधन विकास अधिकारी किंवा तलाठ्याला फोन करा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. मग वस्तीपासून आणि विहिरीपासून लांब, माणूसभर खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. जगलेल्या जनावरांना गाळ लागलेली वैरण घालू नका. चार दिवस बाहेरून वैरण किंवा मुरघास मागवा. पुराला भेट द्यायला येणारे पाव्हणे बिस्किटांच्या पुड्यांऐवजी उसाच्या वाड्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, एक ट्रॉली घेऊन आले, तर गोठ्यातला माणूस त्यांना जन्मभर विसरत नाही.

उसाचं थोडक्यात. शेंडा पाण्याबाहेर राहिला असेल तर ऊस वाचतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला असेल तर तो कुजतो आणि खालून पांगशा, म्हणजे बगलेचे फुटवे, फुटतात. चर काढून पाणी बाहेर घालवणं एवढंच पहिल्या दिवसांत हातात असतं. बाकी कृषी सहायकाला विचारा.

कागद आणि पंचनामा

भिजलेले कागद सोडवायला जाऊ नका, फाटतात. गठ्ठा तसाच सावलीत पसरा, मध्ये कोरडे वर्तमानपत्र घाला, पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या. उन्हात ठेवले तर शाई उडते. सातबारा आणि आधार ऑनलाईन परत काढता येतात, त्यावर दिवस घालवू नका. जुनी खरेदीखतं, शाळेचे दाखले, पासबुकं आधी वाचवा. भिजलेल्या नोटा बँकेत बदलून मिळतात.

पंचनाम्याला तलाठी येतो. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. गावात मात्र अजून ‘तलाठीभाऊसाहेब’च. तो येतो तेव्हा नेमकी घरातली माणसं रानात असतात, म्हणून तो कुठल्या गल्लीत कधी येणार हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. प्रत्येक घराने हाताशी ठेवायचं: आधारचा नंबर, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, रेशनकार्ड, पुराचे फोटो. शेतीसाठी गट नंबर आणि पीक. पीकनुकसानीच्या मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान हा निकष असतो, म्हणून ‘थोडंफार गेलंय’ असं मोघम बोलू नका, किती गुंठे बुडाले ते सांगा. सही करण्याआधी काय लिहिलंय ते वाचायला लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी उभं राहून तुम्ही वाचून दाखवा. पाहुणा म्हणून आलेल्या शिकलेल्या पोराने करण्यासारखं याहून उपयोगाचं काम नाही.

ट्रक येतात तेव्हा

२०१९ ला आमच्याकडे राज्यभरातून ट्रक आले, त्याचे उपकार आहेत. पण जुन्या कपड्यांचे ढीग चावडीपुढे भिजत पडले होते आणि बायकांना हव्या होत्या नव्या चड्ड्या, परकर, सॅनिटरी पॅड. तुमच्या ओळखीचं कुणी पाठवणार असेल तर यादीच द्या: खराटे, वायपर, घमेली, गमबूट, झाकणाची पिंपं, चटया, पातेली, गॅसची शेगडी, शाळेच्या वह्या. खाण्याचं पहिले तीन दिवस, त्यानंतर किराणा, म्हणजे चूल पेटते.

ट्रक डांबरी रस्त्याला थांबतो. रस्त्याकडेच्या घरांना पाच वेळा मिळतं, खालच्या अंगाच्या वस्तीला आणि मळ्यातल्या घरांना एकदाही नाही. ट्रक वहीच्या पानाप्रमाणे उलट्या टोकापासून रिकामा करा. भांडण होतं, होऊ द्या.

पंधराव्या दिवशी

तोवर मदतीचे सगळे निघून गेलेले असतात. भिंतींवर बुरशी येते, ओल हटत नाही, कामावर खाडा झालेला असतो आणि हप्ता चुकलेला. परत जा, दोन दिवस पुरे. खिडक्या-दारं उघडी आहेत का बघा, पुरती वाळली नसतील तर रंग लावू देऊ नका. वहीतली पंचनामा न झालेली घरं शोधा आणि तहसीलला सोबत जा. आणि घरात कोण बोलायचं थांबलंय ते बघा. बहुतेक वेळा तो कर्ता पुरुष असतो, ज्याने पुरात दहा माणसं काढलेली असतात. त्याच्याजवळ चहा घेत तासभर बसा. झोपच नाही, जगण्यात राम नाही असं बोलायला लागला तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर लावून द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

निघताना ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घ्या. ज्या घराची भिंत उभी आहे तिच्यावर पाणी जिथवर आलं तिथे रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या मे महिन्यात सुतार आला की धान्याची फळी त्या रेघेच्या हातभर वर ठोकायला सांगता येते.